स्लॅबमधल्या सेन्सरचा आकडा पाहून शटरिंग सोडावं का?

नवा_साइटवाला :

नमस्कार. बहुमजली इमारतीच्या साइटवर ज्युनिअर इंजिनियर आहे. एक अडचण आहे आणि उद्या सकाळपर्यंत काहीतरी ठरवायचं आहे.

आमच्याकडे अलीकडे स्लॅबमध्ये तापमानाचे सेन्सर टाकतात. छोटीशी डबी सळईला बांधायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. नंतर स्लॅबवर उभं राहून मोबाइल उघडला की आतलं तापमान दिसतं आणि त्याच्याच खाली 'ताकद : इतके मेगापास्कल' असा आकडा. आमचं काँक्रीट एम३०, म्हणजे २८ दिवसांनी ३० मेगापास्कल ताकद धरलेलं. परवा ओतलेल्या स्लॅबचा आकडा आज संध्याकाळी २१ च्या पुढे गेला. ड्रॉइंगवर शटरिंग (काँक्रीट धरून ठेवणारा खालचा साचा) सोडायला २० हवेत असं लिहिलंय. मुकादम म्हणतो, "साहेब, मोबाइलवर पास झालाय, सकाळी प्लेटा काढायला घेतो." प्रोजेक्ट मॅनेजरांनाही त्या प्लेटा वरच्या मजल्याला हव्या आहेत. स्ट्रक्चरल कन्सल्टंट मात्र फोनवर म्हणाले, क्यूब (त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) फोडल्याशिवाय हात लावू नका. आमचे पहिले क्यूब सात दिवसांचे. शटरिंग सोडायच्या चिठ्ठीवर सही माझी असते.

हा आकडा कितपत खरा धरायचा?

दुसरं, घाईचं नाही. कॉलेजच्या सेमिनारमध्ये थ्री-डी प्रिंटिंग, स्वतःच्या भेगा स्वतः भरणारं काँक्रीट, ड्रोन, बिम (इमारतीचं संगणकातलं मॉडेल), रोबो सगळं ऐकलं होतं. त्यातलं साइटवर मला आजवर एवढा एक सेन्सरच भेटला. स्वतःहून काही शिकायचं तर कशावर वेळ घालवू?


बीम_कॉलम :

आकडा खरा धर. मॅच्युरिटीची पद्धत, म्हणजे तापमान आणि वेळेवरून ताकद काढायची, कालपरवाची नाही, अमेरिकेच्या एएसटीएम सी १०७४ या मानकात ती कधीची आहे. उलट क्यूबच जास्त फसवतो. तो टाकीतल्या पाण्यात एकसारख्या तापमानात बसलेला असतो आणि स्लॅब ऊन, वारा, रात्रीची थंडी सगळं सोसत असतो. टाकीतला क्यूब पास झाला म्हणून स्लॅब पास झाला असं थोडंच आहे? सेन्सर निदान खऱ्या स्लॅबच्या पोटात आहे. पोस्ट-टेन्शन स्लॅबच्या केबल कधी ताणायच्या ते आम्ही यावरच ठरवतो. करून टाक सही.


क्यूब_रजिस्टर :

सही करू नकोस. निदान आज तरी.

बीम_कॉलम यांनी क्यूबबद्दल लिहिलंय ते पटण्यासारखंच आहे. पण त्यांच्या साइटवर तो आकडा कुठल्या तक्त्यावरून येतो हे त्यांना ठाऊक असणार. तुझ्या पोस्टमध्ये त्या तक्त्याचा पत्ताच नाही, आणि सगळी मेख तिथे आहे. मी क्वालिटीचं काम करते, नोकरीची बहुतेक वर्षं क्यूब फोडण्यात आणि पोअर कार्डं तपासण्यात गेली. हे सेन्सर मला मनापासून आवडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या डबीला ताकद कळत नाही. तिला तापमान कळतं आणि वेळ कळते. पुढचं सगळं गणित आहे. सिमेंट आणि पाण्याची क्रिया उबेत जोरात चालते, थंडीत रेंगाळते. वाफेने क्युरिंग करण्याच्या अभ्यासातून नर्स आणि सॉल या इंग्लंडमधल्या दोघांनी १९४९ ते १९५१ च्या दरम्यान त्याचा सोपा हिशेब बसवला: तापमान गुणिले तास, आणि त्याची बेरीज करत जायची. एकाच मिक्सच्या दोन काँक्रीटची ही बेरीज सारखी झाली की त्यांची ताकदही साधारण सारखी, मग एकाला दोन दिवस लागले असोत की चार.

शून्य अंश हा पाया धरून बघ. समजा तुमच्या मिक्सला २० मेगापास्कल गाठायला १४०० अंश-तास लागतात. स्लॅबच्या मधल्या भागात सरासरी ३२ अंश राहिले, तर ४४ तासांत काम झालं. त्याच स्लॅबच्या वाऱ्याकडच्या कडेला सरासरी २४ अंश असतील, तर तिथे ५८ तास लागतील. मधला सेन्सर 'पास' म्हणतो तेव्हा कडेची पट्टी चौदा-साडेचौदा तास मागे असते. आणि कॅन्टिलिव्हर बाल्कनी असते नेमकी कडेला. म्हणून विचारते, तुझा सेन्सर कुठे बांधला होता?

आता ते १४०० कुठून आले? ते कुणीतरी क्यूब किंवा सिलिंडर फोडून काढलेले असतात. तुमच्याच मिक्सचे नमुने करायचे, त्यातल्या दोनांत सेन्सर ठेवायचे, १, ३, ७, १४, २८ दिवसांना तीन-तीन फोडायचे आणि अंश-तास विरुद्ध ताकद असा आलेख काढायचा. हाच तो तक्ता. सिमेंट बदललं, फ्लाय अॅशचा स्रोत बदलला, अॅडमिक्श्चर बदललं की तो तक्ता रद्द. अॅपमध्ये 'एम३०' म्हणून तयार तक्ता दिलेला असला तर तो कुणाच्या तरी एम३०चा असेल, तुमच्या एम३०चा नव्हे.

याहून मोठी गोष्ट पाण्याची. एखाद्या गाडीचा स्लंप (ओल्या काँक्रीटचा पातळपणा) कमी वाटला आणि कुणी ड्रममध्ये पाणी सोडलं, तर ताकद घसरते; तापमानाच्या रेषेत मात्र डोळ्यात भरेल असा फरक पडत नाही. सेन्सर तोच आकडा दाखवत राहतो. तसंच क्युरिंगचं. वरून पाणी मारलं नाही, गोणपाट सुकलं, तर वरच्या थरातली क्रिया थांबते, कारण सिमेंटला पाणीच उरत नाही. पण उन्हाने स्लॅब तापलेला असतोच, आणि अंश-तासांची बेरीज निवांत वाढत जाते. कोरड्या पडलेल्या स्लॅबवर आकडा चढताना बघितला की मला धडकी भरते.

म्हणूनच त्या सी १०७४ मध्येच सांगितलंय की शटरिंग सोडण्यासारखा गंभीर निर्णय एकट्या मॅच्युरिटीवर घेऊ नये, जागेवरच्या काँक्रीटची दुसऱ्या एखाद्या चाचणीने खात्री करावी. मानकाचं नाव घ्यायचं तर त्यातली ही अटही घ्यायला हवी.

ही अट कशातून आली तेही वाच. २ मार्च १९७३ ला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या बेलीज क्रॉसरोड्स इथे स्कायलाइन प्लाझा नावाच्या इमारतीचं काम चालू होतं. २४ व्या मजल्याचं काँक्रीट चालू असताना २३ वा स्लॅब कॉलमभोवती पंचिंगने, म्हणजे कॉलम आरपार घुसावा तसा, फाटला आणि मजल्यावर मजले कोसळत इमारतीचा एक भाग तळापर्यंत गेला. १४ कामगार गेले. थंडीचे दिवस, काँक्रीट कोवळं आणि खालचे टेकू वेळेआधी काढलेले. पाच वर्षांनी, २७ एप्रिल १९७८ ला, वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला कूलिंग टॉवर चढत होता. तिथल्या शटरिंगचा आणि मचाणाचा भार आदल्याच दिवशी ओतलेल्या काँक्रीटच्या कड्यावर होता. त्या कड्याला तो पेलवला नाही, मचाण सुटलं आणि ५१ माणसं गेली. दोन्ही अपघातांचा तपास अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने केला. कोवळ्या काँक्रीटची ताकद जागेवरच कशी ओळखायची यावर तिथे त्यानंतर जोमाने काम झालं आणि १९८७ मध्ये सी १०७४ आलं. तुझ्या मोबाइलवरच्या आकड्याची वंशावळ ही आहे.

आता मला चार गोष्टी सांग. अॅपमधला तक्ता कुणी काढला? सेन्सर किती आणि कुठे? सगळ्या गाड्या सारख्या होत्या का? आणि वरचा मजला कधी ओतणार? दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येऊ.


नवा_साइटवाला :

मॅडम, लगेच जाऊन पाहिलं.

तक्ता अॅपमधलाच, यादीतून 'एम३०' निवडलेला. आमच्या मिक्सचा कुणी काढलेला नाही. सेन्सर दोन, दोन्ही लिफ्टच्या बाजूच्या मोठ्या पॅनलच्या मध्यात. तिथूनच पोअर सुरू केला होता, म्हणजे ते पहिल्या गाड्यांच्या काँक्रीटमध्ये आहेत. चलनं काढली तर शेवटून दुसऱ्या गाडीवर पाणी घातल्याची नोंद आहे, किती ते लिहिलेलं नाही. पंप अडकत होता म्हणे. ते काँक्रीट बाल्कनीच्या बाजूला गेलंय.

वरचा मजला साधारण आठवड्याने. आणि हो, टेकूंचं विचारलं तर मुकादम म्हणाला, "सगळंच सोडू, मग नंतर थोडे परत लावू."


क्यूब_रजिस्टर :

मग उत्तर तुझ्याच हातात आहे. चिठ्ठीवर 'थांबवले' लिही, खाली कारण लिही आणि चलनाचा फोटो जोड. तोंडी भांडत बसू नकोस. "अॅपमधला तक्ता आपल्या मिक्सचा नाही आणि बाल्कनीकडच्या गाडीत पाणी घातल्याची नोंद आहे" एवढं एक वाक्य कन्सल्टंटना आणि मॅनेजरना एकाच मेलमध्ये पाठव. मॅनेजर वाईट माणूस असेल असं नाही, त्यांच्या डोक्यावर तारखा असतात. कारण लेखी समोर आलं की बहुतेक जण थांबतात.

'सगळं सोडू, मग परत लावू' हे मात्र अजिबात होऊ देऊ नकोस. टेकू एकदा काढला की स्लॅब स्वतःच्या वजनाने वाकतो आणि कोवळ्या काँक्रीटला भेग जाते. नंतर लावलेला टेकू ती भेग मिटवत नाही. प्लेटा काढायच्या असल्या तरी खालचे ठरावीक टेकू न हलवता काढता येतील अशी मांडणी सेंटरिंग करतानाच हवी. या स्लॅबला तशी नसेल तर प्लेटांनाही हात नको. वरचा मजला ओतताना ओल्या काँक्रीटचं, शटरिंगचं आणि माणसांचं वजन खालच्या स्लॅबवर येतं, तेव्हा किती मजले टेकू ठेवायचे हे कन्सल्टंटकडून लेखी घे. स्कायलाइन प्लाझाला ताकदीच्या जोडीने टेकूच कमी पडले होते.

आजच्या स्लॅबसाठी: बाल्कनीच्या गाडीतून क्यूब घेतले होते का बघ. स्लॅबशेजारी, स्लॅबसारख्याच ओल्या गोणपाटाखाली ठेवलेले असतील तर उत्तम, ते आधी फोडा. नसतील तर सात दिवसांच्या क्यूबची वाट बघा, आणि तेव्हाही बाल्कनीच्या भागाचा निर्णय वेगळा घ्या. गरज वाटली तर कन्सल्टंट तिथून कोअर (घट्ट काँक्रीटमधून कापलेला गोल नमुना) काढायला सांगतील. रिबाउंड हॅमर (आपटून उसळी मोजणारा हातोडा) मारून बघू असं कुणी म्हणेल. इतक्या कोवळ्या काँक्रीटवर त्याच्या आकड्याचा भरवसा धरू नकोस.

पुढच्या पोअरला मात्र हे सेन्सर नीट कामाला लाव. तक्त्यासाठी वेगळे क्यूब भर आणि शटरिंगचा प्रश्न असल्यामुळे सुरुवातीचे बिंदू दाट घे: १, २, ३, ५, ७ दिवस. एक सेन्सर मध्यात, एक कडेला, एक शेवटच्या गाडीच्या काँक्रीटमध्ये. कॉलमजवळ ओढून काढायच्या चकत्या आधीच बसवता आल्या तर पुल-आउट चाचणीने ताकद थेट जागेवरच कळेल. एवढं केलंस की पुढच्या मजल्यांना बीम_कॉलम म्हणतात तसा वेळ खरोखर वाचेल. तुझ्या मॅनेजरनाही मग हेच हवं असेल.


बीम_कॉलम :

मान्य. आमच्याकडे तक्ता आमच्याच मिक्सचा आहे आणि प्रत्येक पोअरला पडताळणीचे क्यूबही फोडतो, ते लिहायचं राहिलं. पाणी घातलेली गाडी असेल तर मीही हात लावू देणार नाही.


पूलवाला :

दुसऱ्या प्रश्नावर माझे दोन शब्द, पुलांच्या बाजूने. आमच्याकडे आता सगळीकडे सेन्सर, ड्रोन आणि लेझर स्कॅन. उपग्रहाच्या रडारवरूनही पुलाची मिलिमीटरमधली हालचाल कळते. हाँगकाँगच्या त्सिंग मा पुलावर तर १९९७ पासून अशी कायमची यंत्रणा आहे. माहितीला तोटा नाही.

पण अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल आठव. १ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी, गर्दीच्या वेळी तो मिसिसिपी नदीत कोसळला, १३ जण गेले. तपासात निघालं की ट्रसच्या (पोलादी सांगाड्याच्या) सांध्यांवरच्या काही गसेट प्लेट (दांडे जोडणारे पत्रे) जेवढ्या जाड हव्या होत्या त्याच्या निम्म्याच, अर्ध्या इंचाच होत्या. ही चूक मूळ डिझाइनमधली, १९६० च्या दशकातली. त्या दिवशी डेकवर दुरुस्तीचं सामान, खडी-वाळूचे ढीग आणि यंत्रं नेमकी त्याच भागावर होती. आणि प्लेट वाकलेल्या स्पष्ट दिसतात असे २००३ चे फोटो निघाले. म्हणजे कॅमेऱ्याने आपलं काम चार वर्षं आधीच केलं होतं. 'ही प्लेट का वाकली, हिची जाडी गणिताने तपासा' असं कुणी म्हटलं नाही.

त्याच जागी २००८ मध्ये नवा पूल झाला, त्यात तीनशेहून जास्त सेन्सर आहेत. चांगलंच आहे. पण माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलांना मी आधी विचारतो, सेन्सरने किती दाखवलं की तू वाहतूक थांबवशील? तो आकडा आधी ठरवून लिहून ठेवलेला नसेल तर आलेख नुसता साठत जातो. तेव्हा ड्रोन उडवायला शिक, पण भार कुठून कुठे जातो हे ज्याला कळतं तोच फोटोत नेमकं काय शोधायचं ते जाणतो. तुमच्या स्लॅबचंही तेच म्हणायचं.


मिक्स_डिझाइन :

मी काँक्रीटवर पीएचडी करतोय, त्यामुळे प्रिंटिंग आणि नवं सिमेंट याबद्दल थोडं.

थ्री-डी प्रिंटिंग आता प्रयोगशाळेबाहेर आलंय. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला प्रिंट केलेल्या घरात २०२१ मध्ये भाडेकरू राहायला गेले. बंगळुरूत प्रिंट केलेलं पोस्ट ऑफिस २०२३ मध्ये सुरू झालं, १०२१ चौरस फुटांचं. पण अडतंय कुठे ते बघ. मिश्रण पंपातून सहज सरकलं पाहिजे आणि नोझलमधून बाहेर पडताच खाली न बसता वरचा थर पेलला पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या उलट आहेत. दोन थरांमध्ये वेळ गेला, खालचा थर सुकला, की तिथे कच्चा सांधा राहतो आणि भेग आणि पाणी तिथूनच शिरतं. आणि सळई घालायची कशी? नेदरलँड्समधल्या खेमर्टच्या सायकल पुलाला, २०१७ चा तो, तुकडे प्रिंट करून त्यांतून केबल ओवून ताणल्या. व्हेनिसमध्ये २०२१ ला उभा केलेला स्ट्रिएटस पूल कमानीचा होता. सगळा भार दाबाचाच राहील असा आकार काढला, त्यामुळे सळईही नाही आणि तुकड्यांमध्ये मॉर्टरही नाही. तंत्र नवं, युक्ती दगडी कमानींची. शिकायचंच असेल तर यंत्र चालवण्याआधी ताज्या काँक्रीटचं वागणं शिक, ते साध्या पंपिंगलाही उपयोगी पडतं.

मला विचारशील तर सगळ्यात जास्त फरक एलसी३ सिमेंटमुळे पडेल. यात क्लिंकर (चुनखडी भाजून केलेला सिमेंटचा मूळ घटक) निम्माच, साधारण ५० टक्के. ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल विद्यापीठात कॅरन स्क्रिव्हनर, क्युबा देशातले फर्नांडो मार्तिरेना आणि आयआयटीतले संशोधक यांनी मिळून ते पुढे आणलं. क्लिंकरची भट्टी १४५० अंशांची, माती ७०० ते ८५० अंशांतच भाजून होते. शिवाय क्लिंकर भाजताना चुनखडी फुटून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो मातीतून सुटत नाही. त्यामुळे उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत कमी करता येतं. साइटच्या दृष्टीने ते पाणी जास्त मागतं, त्यामुळे सुपरप्लास्टिसायझरचं प्रमाण नव्याने बसवावं लागतं. पहिल्या एक-दोन दिवसांची ताकद जरा मागे असते, माती चांगली असेल तर सात दिवसांपर्यंत साध्या सिमेंटच्या बरोबरीला येते.

म्हणजे क्यूब_रजिस्टर यांचंच म्हणणं पुढे नेतो: अशा सिमेंटवर जुना तक्ता चालवला तर शटरिंगच्या नेमक्या त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अॅप खऱ्यापेक्षा जास्त ताकद दाखवेल.


क्यूब_रजिस्टर :

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, प्रिंट काढून साइट ऑफिसात लावावं असं. नवी सिमेंटं येतील तसे आपले जुने अंदाज, 'तिसऱ्या दिवशी इतकं होतंच', हे सगळे पुन्हा तपासावे लागतील.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर जरा वेगळं आहे. नवीन काहीही समोर आलं की मी दोन गोष्टी विचारते: हे नक्की काय मोजतं किंवा काय करतं, आणि माझ्या कुठल्या जुन्या सवयीमुळे ते फसेल?

काचतंतूंच्या सळईचं उदाहरण घे. गंजत नाही, वजनाला लोखंडाच्या साधारण चौथाई, खाऱ्या हवेत सोन्यासारखी. पण साइटवर आली की बार बेंडर ती सवयीने वाकवायला घेणार, आणि ती वाकत नाही. वाकवलेले तुकडे कारखान्यातूनच यावे लागतात. तिचा स्थितिस्थापकत्व गुणांक, म्हणजे ताठपणा, लोखंडाच्या पाव-एक, त्यामुळे तेवढ्याच सळईत स्लॅब जास्त लवतो, भेगा जास्त रुंदावतात. आणि लोखंडासारखी ती ताणून इशारा देत नाही, एकदम तुटते. म्हणून 'लोखंडाच्या जागी तेवढ्याच व्यासाची घाला' असा फोन आला की थांबायचं, पूर्ण डिझाइन नव्याने मागायचं.

भेगा भरणारं काँक्रीट मला फार मोहवतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे हेंक योंकर्स यांनी जिवाणूंचे बीजाणू आणि कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्ये घातलं. भेग पडून पाणी आत गेलं की जिवाणू जागे होतात आणि चुनखडी तयार करून भेग बुजवतात, सुमारे ०.८ मिलिमीटरपर्यंतची. पाण्याच्या टाक्या, तळघरं, बोगदे अशा ठिकाणी याचा उपयोग दिसतो. पण ते पाणी अडवतं, हरवलेली भार पेलण्याची ताकद परत देत नाही. कव्हर ब्लॉक न लावता सळई शटरिंगला टेकवून ओतलेल्या स्लॅबला जिवाणू वाचवणार नाहीत.

बिम शीक, नक्की. ड्रॉइंगवर डक्ट आणि बीम एकमेकांतून जाताना दिसले की ते मॉडेलमध्येच सुटतं, नाहीतर साइटवर कुणीतरी ड्रिल घेऊन बीमला भोक पाडतो. रोबोंचं अजून तुझ्यापर्यंत यायला वेळ आहे, सध्या सोड.

आणि पूलवाल्यांचा प्रश्न उचलून वहीत लिही. प्रत्येक सेन्सरपुढे, पोअरच्या आधी: किती आकडा आला की काय करायचं, आणि कुणी करायचं.


नवा_साइटवाला :

सगळ्यांचे आभार. मेल पाठवला. कन्सल्टंटनी तासाभरात उत्तर दिलं: शटरिंग जसंच्या तसं ठेवा, बाल्कनीची बाजू ते स्वतः येऊन बघणार, आणि टेकूंची मांडणी लेखी पाठवणार. मॅनेजर आधी चिडले, मग चलन पाहून गप्प झाले आणि आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटला फोन लावला की इथून पुढे ड्रममध्ये पाणी घातलेली गाडी परत जाईल.

शेवटचा एक प्रश्न. पुढच्या पोअरला कडेचा सेन्सर बांधायचा तर अगदी कडेच्या सळईलाच बांधू का? आणि किती खोल?


क्यूब_रजिस्टर :

छान केलंस.

अगदी टोकाला नको, शटरिंगच्या प्लेटला चिकटला तर तो काँक्रीटपेक्षा प्लेटचं तापमान सांगेल. कडेपासून वीतभर आत घे, बाल्कनीत वरच्या सळईच्या खालच्या अंगाला बांध, म्हणजे व्हायब्रेटरची सुई आपटणार नाही आणि काँक्रीट चारी बाजूंनी लागेल. डबी वायरने घट्ट बांध पण सळईवर पालथी दाबू नकोस. तोंड बाहेर निघालेली सळई उन्हात तापते आणि ती उष्णता आत आणते, तेव्हा अशी सळई टाळ. बांधल्यावर ओतायच्या आधी मोबाइलवर एकदा वाचून बघ, ओतल्यावर बंद पडलेला सेन्सर बदलता येत नाही. प्रत्येकाचा नंबर ड्रॉइंगवर ग्रिडसकट लिही आणि त्याच्यापुढे गाडीचा चलन नंबर. तक्त्याच्या क्यूबचे आकडे आले की इथेच टाक, आलेख मिळून बघू.